दप्तराची दुसरी प्रत

कार्तिक शुद्ध पंचमीला पेढीवर नवी वही उघडली जाते. कुंकवाचे स्वस्तिक, त्यावर ‘श्री’, पहिल्या पानावर पहिली नोंद. आणि दिवाळीत बंद असलेले व्यवहार पुन्हा सुरू होतात. व्यापारी या दिवसाला लाभपंचमी म्हणतो. तीच तिथी उपाश्रयात ज्ञानपंचमी असते. त्या दिवशी ज्ञानभांडारांची कपाटे उघडतात, पोथ्यांची बासने सोडली जातात, धूळ झटकली जाते, विटलेले वेष्टण बदलले जाते. चातुर्मासातला दमटपणा पानांत मुरू नये, ही त्या पूजेमागची व्यवहारदृष्टी. दिगंबर परंपरेत हाच मान ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला आहे.

पेढीचे जुने दप्तरही पूर्वी असेच सांभाळले जाई. रोजकीर्द आणि खतावणी लाल कापडात बांधून, वर संवताची चिठ्ठी लावून, माळ्यावर चढवली जाई. मुनीमजी वर्षाकाठी एकदा ती गाठोडी उतरवून वाळवी लागली आहे का ते पाहत. आता पूजेची वही पूजेपुरती उरली आहे. खरा हिशेब संगणकात असतो. नवे वर्ष सुरू झाले की जुन्या वर्षाकडे कोणी वळून पाहत नाही. संगणकातल्या त्या जुन्या वर्षांना ऊन दाखवण्याची तिथी बहुतेक पेढ्यांनी ठरवलेलीच नाही.

याची किंमत किती असू शकते, हे वस्तू व सेवा कराच्या पहिल्या वर्षाने अनेकांना दाखवून दिले. हा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. २०१७-१८च्या प्रकरणांत आदेश काढण्याची सर्वसाधारण मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२३पर्यंत गेली. साहजिकच शेवटच्या वर्षात नोटिसा येत राहिल्या आणि सहा वर्षांपूर्वीची खरेदीची बिले दाखवा, असे विचारले जाऊ लागले. सहा वर्षांत पेढीत काय काय बदलते! संगणक बदलतो, हिशेबनीस नोकरी सोडून जातो, दुकान नव्या जागेत हलते, आणि थर्मल कागदावर छापलेले बिल कोरे होऊन बसते. इनपुट क्रेडिट घेण्याची पहिली अट बिल हाती असणे ही आहे. माल खरा, पैसे दिलेले खरे, पुरवठादारही खरा. पण कागद नसेल तर भरलेला कर पुन्हा भरण्याची वेळ येते, वर व्याज आणि दंड. प्रामाणिक माणसाला अप्रामाणिकाच्या रांगेत उभे राहावे लागते, ही त्यातली अधिक बोचणारी गोष्ट.

किती वर्षे जपायचे, याचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. कंपनी कायदा, २०१३नुसार कंपनीने आधीच्या आठ आर्थिक वर्षांची हिशेबपुस्तके ठेवायची असतात. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात ७२ महिन्यांची मुदत आहे. मात्र ते महिने आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजायचे नसून त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून मोजायचे असतात. २०१७-१८साठी ती तारीख वाढून फेब्रुवारी २०२०वर गेली होती. म्हणजे मार्च २०१८पासून सहा वर्षे मोजून २०२४मध्ये दप्तर रद्दीत देणाऱ्याने ते जवळजवळ दोन वर्षे आधी दिले. अपील किंवा चौकशी चालू असेल, तर त्या विषयाची कागदपत्रे निकालानंतरही एक वर्ष ठेवावी लागतात. आपल्या पेढीला कोणती मुदत लागू आहे, हे सनदी लेखापालाकडून एकदा लेखी घ्यावे आणि ते पत्रही दप्तरातच ठेवावे.

काही कागदांना मात्र मुदत नसते. भागीदारीचा करार, जागेची खरेदीखते, मृत्युपत्रे, ट्रस्टला दिलेल्या देणग्यांचे ठराव, आणि भावाभावांतल्या भांडवलाची खाती. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी थोरल्या भावाने धाकट्याच्या नावे टाकलेली रक्कम कर्जाऊ होती की भेट, हा प्रश्न ती टाकणारे दोघे हयात असेपर्यंत कोणी विचारत नाही. तो विचारतात त्यांची मुले. त्या वेळी नोंद सापडली तर वाटणी एका बैठकीत होते. न सापडल्यास चुलतभाऊ न्यायालयात भेटतात, आणि पर्युषणात ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणायलाही एकमेकांच्या दारी जात नाहीत. दप्तर जपायचे ते केवळ करखात्यासाठी, असा समज असेल तर तो अपुरा आहे.

मग जपायचे कशात? बाजारात गेले की उत्तर वस्तूंच्या रूपात मिळते: ही डिस्क घ्या, तो क्लाऊड घ्या. जैन समाजाजवळ मात्र या प्रश्नाचा पुष्कळ जुना अनुभव आहे, आणि तो आधी आठवावा असा आहे.

दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री येथे धवला, जयधवला आणि महाधवला या सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांचा षट्खंडागम आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका यांचे मूळ तेथेच उरले होते. कडीकुलपात, भट्टारकांच्या देखरेखीत, केवळ दर्शनासाठी. कुलपाने ग्रंथ वाचवले, हे मान्यच करावे लागेल. पण त्याच कुलपामुळे ते हातचे जाण्याची वेळही आली होती. पत्रे जीर्ण झाली, काही तुटली, काही हरवली. शिवाय त्यांची लिपी जुनी कन्नड आणि भाषा प्राकृत; ती लिपी सराईतपणे वाचणारे विद्वान बोटांवर मोजण्याइतके राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे शेठ माणिकचंद तीर्थयात्रेला मूडबिद्रीस गेले आणि ती अवस्था पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी नकला करवून घेण्याचा विषय हाती घेतला. दोघेही व्यापारी. वर्गणी जमवणे, लेखक शोधणे, मूडबिद्रीच्या पंचांचे मन वळवणे, हे सगळे त्यांनी व्यापाऱ्याच्या चिकाटीने केले. देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत नकला उतरवण्याचे काम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत रेंगाळत चालले. म्हणजे सुमारे पाव शतक. प्रत गावाबाहेर जाऊ नये, असा तेथील आग्रह होता. तरीही एक प्रत सहारनपूरला पोहोचली, तेथून पुढे आणखी नकला झाल्या, त्यांतल्या विदर्भात कारंजालाही आल्या. अशा नकलांच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून १९३९मध्ये धवलेचा पहिला भाग छापून प्रसिद्ध केला. पुढे सोळा भागांत तो ग्रंथ पूर्ण झाला. आज तो कोणा एका कुलपावर अवलंबून नाही.

या इतिहासात आणखी एक बारकावा आहे. नकलेवरून नकल होताना एका सूत्रातला एक शब्द गळाला होता. संपादकांना अर्थाच्या ओघात तो तेथे असावा असे वाटले. मूडबिद्रीच्या ताडपत्राशी ताडून पाहिले तेव्हा तो तेथे निघाला. त्या एका शब्दावरून पंडितांमध्ये मोठा वाद झाला, तो येथे नको. पण मूळ टिकले होते म्हणूनच त्या शब्दाची शहानिशा होऊ शकली.

पेढीच्या संगणकीय दप्तराचे सारे प्रश्न या एका हकिकतीत आहेत. प्रत एकच आहे काय? ती एकाच जागी आहे काय? तिची लिपी वाचणारे कोणी उरले आहे काय? आणि नकल मुळाबरहुकूम आहे, हे कशावरून?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम संगणकाच्या जगात सर्वमान्य आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. ‘दुसरी जागा’ याचा अर्थ मात्र गांभीर्याने घ्यावा. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली, तेव्हा अशा पुरात दुकान आणि त्याच गल्लीतले घर दोन्ही एकाच पाण्याखाली जाऊ शकतात, हे दिसून आले. तिजोरीतली डिस्क आणि टेबलावरचा संगणक यांच्यातले अंतर पाण्याच्या लेखी काहीच नसते. दुसरी प्रत दुसऱ्या गावी, लेकीच्या सासरी म्हणा की पुण्यातल्या भावाकडे म्हणा, ठेवलेली बरी.

साधनांविषयी बोलायचे तर पेन ड्राइव्ह दप्तरासाठी नाही. त्यातली माहिती विजेच्या अतिसूक्ष्म भाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्यास तो भार ओसरू शकतो. नव्या पद्धतीच्या एसएसडीलाही हाच दोष आहे. वेगासाठी ती उत्तम, विस्मृतीत टाकण्यासाठी नव्हे. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क पेढीला पुरेशी आहे, पण ती चार-पाच वर्षांनी बदलायची वस्तू आहे, एवढे मनाशी धरावे. घरी जाळून घेतलेल्या साध्या सीडींचा रंगथर विटतो. २००५च्या आसपासच्या सीडी ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी त्या उघडून पाहाव्यात. चुंबकीय टेप तीस वर्षे टिकते असे तिचे उत्पादक सांगतात आणि मोठ्या बँका ती वापरतातही, पण टेप टिकूनही ती वाचणारे यंत्र मिळेनासे होते. एलटीओ जातीच्या आठव्या पिढीचे यंत्र सातव्या आणि आठव्या पिढीची टेप वाचते, सहाव्या पिढीची वाचत नाही. पुन्हा लिपीचाच प्रश्न.

तसे पाहता टेपची गरजही पडत नाही. दिवसाला पन्नास कागद स्कॅन केले, प्रत्येक कागद २०० किलोबाइटचा धरला आणि वर्षाचे कामाचे दिवस ३०० मानले, तर वर्षाला तीन जीबी होतात. दहा वर्षांचे तीस. बांधून दिलेल्या महागड्या यंत्रणेच्या दरपत्रकावर सही करण्यापूर्वी हा गुणाकार कागदावर करून पाहावा. तीस जीबी क्लाऊडवर ठेवण्याचा खर्च महिना शंभर रुपयांच्या आसपास येतो.

क्लाऊडविषयी पेढ्यांमध्ये दोन टोके दिसतात. एक पिढी त्याला भिते, दुसरी त्यावर सर्वस्व सोपवते. क्लाऊड म्हणजे अखेर कोणाची तरी इमारतच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा केंद्राला आग लागली, एक इमारत जळाली, आणि ज्यांच्या मूळ प्रती आणि राखीव प्रती त्याच आवारात होत्या त्यांचे सगळेच गेले. म्हणून क्लाऊड ही तीनपैकी एक प्रत असावी. कंपनी असल्यास हिशेबपुस्तकांची राखीव प्रत रोजच्या रोज भारतात असलेल्या सर्व्हरवर घेणे नियमानेच बंधनकारक आहे, तेव्हा जागा निवडताना मुंबई किंवा हैदराबाद केंद्र मागून घ्यावे. ‘आर्काइव्ह’ नावाच्या फार स्वस्त श्रेणींत दर कमी असला तरी माहिती परत मागितल्यावर ती मिळायला बारा तास, काही योजनांत अठ्ठेचाळीस तासही लागतात. सहा महिन्यांच्या आत पुसल्यासही सहा महिन्यांचे भाडे द्यावे लागते. तीस जीबीसाठी ही काटकसर म्हणजे चार आणे वाचवायला रुपयाचे रिक्षाभाडे.

एक गफलत मात्र फार ठिकाणी होते. संगणकातील फोल्डर आपोआप क्लाऊडवर उमटत असेल, तर ते दप्तर नव्हे, तो आरसा आहे. येथे फाइल पुसली की काही दिवसांनी तेथूनही जाते. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. अशा हल्ल्यात संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्कही सुटत नाहीत. यासाठी एक प्रत अशी हवी, की जी तारेने कशालाच जोडलेली नाही.

लिपीचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. टॅलीचा जुन्या आवृत्तीतला डेटा नव्या आवृत्तीत जसाच्या तसा उघडतोच असे नाही. तो स्थलांतरित करावा लागतो, आणि फार जुना असेल तर टप्प्याटप्प्याने. आपल्या मूळ रूपात जपलेला डेटा हे ताडपत्र. त्याच्याजवळच त्याची देवनागरी नकल असावी: वर्ष बंद झाले की खतावणी, रोजकीर्द, ताळेबंद आणि साठ्याची नोंदवही पीडीएफ-ए या दीर्घकाळासाठीच ठरवलेल्या प्रकारात, आणि आकडे साध्या सीएसव्ही तक्त्यांत काढून ठेवावेत. कोणतेही सॉफ्टवेअर बंद पडले तरी ही दोन्ही उघडतील.

आता नकल मुळाबरहुकूम आहे का, याचा पडताळा. जुने लेखनिक हस्तलिखिताच्या शेवटी ‘ग्रंथाग्र’ लिहीत. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून संपूर्ण ग्रंथाचे माप त्यात असे. लेखनिकाची मजुरी त्यावरून ठरे आणि पान गळाले असल्यास तेही लक्षात येई. संगणकात हेच काम ‘हॅश’ करतो. एसएचए-२५६ या पद्धतीने कोणत्याही फाइलचा चौसष्ट अक्षरांचा ठसा निघतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. तो काढण्याची सोय विंडोजमध्ये आधीपासूनच आहे, वेगळे पैसे पडत नाहीत. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना जोडायच्या प्रमाणपत्रात हा हॅश लिहावा लागतो. वर्ष बंद करतानाच तो काढून कागदावर छापून ठेवला असेल, तर दहा वर्षांनी ‘ही नोंद मागाहून बदलली’ असा आरोप झाल्यास उत्तर तयार असते.

एवढे सगळे करूनही किल्ली हरवली तर काय? टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरल्यास तो डेटा पुन्हा उघडत नाही. कंपनीही तो उघडून देऊ शकत नाही. अनेक घरांत हा पासवर्ड एकाच व्यक्तीच्या डोक्यात असतो, आणि ती व्यक्ती सत्तरीपुढची असते. अशुभ बोलू नये म्हणून विषय निघत नाही. बंद पाकिटात, दोन विश्वासू जागी, कागदावर लिहिलेला पासवर्ड हाही दप्तराचाच भाग मानावा. घरातल्या लेकीसुनांना या कामापासून दूर ठेवण्याची रीत काही पेढ्यांत अजून आहे. ती सोडून दिलेली बरी. घरातली संगणक जाणणारी व्यक्ती पुष्कळदा तीच असते.

आणि काय जपू नये, हेही ठरवायला हवे. साठवणे स्वस्त झाले म्हणून सारे साठवत राहणे, हा परिग्रहच. सोडून गेलेल्या नोकरांची आधारपत्रे, ग्राहकांच्या ओळखपत्रांच्या छायाप्रती, वर्षानुवर्षांचे कॅमेऱ्याचे चित्रण, यांचा पेढीला उपयोग संपलेला असतो आणि चोरीला गेल्यास ताप दुसऱ्याला होतो. काम संपल्यावर आणि कायद्याची मुदत सरल्यावर वैयक्तिक माहिती पुसावी, अशी अपेक्षा २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे. मुदत संपलेल्या वर्षाच्या गाठोड्यातून कायमस्वरूपी कागद बाजूला काढावेत आणि बाकीचे निश्चिंत मनाने नष्ट करावे. काय नष्ट केले, याची एका ओळीची नोंद मात्र राहू द्यावी.

या सर्वाला वर्षातून एक सकाळ पुरते. ज्ञानपंचमी असो वा श्रुतपंचमी, नव्या वहीची पूजा आटोपल्यावर घरातल्या एखाद्या मुलाने चिठ्ठी काढून एक जुने वर्ष निवडावे. दुसऱ्या गावच्या प्रतीतून ते वर्ष उघडावे, त्यातले कोणतेही एक बिल छापावे, हॅश कागदावरच्या ठशाशी जुळवावा, डिस्कचे वय पाहावे, आणि छोट्या वहीत तारीख घालून दोघांनी सही करावी, एक थोरल्या पिढीतला आणि एक धाकट्या. वर्ष उघडले नाही, तर निवृत्त झालेल्या मुनीमजींना त्याच दुपारी फोन करावा. टॅलीच्या जुन्या दिवसांत तो पासवर्ड त्यांनीच घातलेला असण्याचा संभव आहे, आणि पेढे घेऊन भेटायला जाण्यासही तो दिवस चांगला असतो.